इथे विनोद

“अर्थशास्त्र शिकून कोणी श्रीमंत झालं असतं, तर मी इथे असतो का?” खटावकर सरांनी पिवळ्या पडलेल्या नोट्समधून मान वर काढून कोणी हसतंय का ते पाहिलं. शेवटच्या बाकावरच्या शर्वाणीने ते वाक्य त्यांच्याआधीच ओठांतल्या ओठांत म्हणून टाकलं होतं.

रटाळ तास, असाइनमेंटचा ढीग आणि एम. ए. नंतर काय, याचा पत्ता नाही. या सगळ्याचं उट्टं ती हॉस्टेलच्या मेसमध्ये काढायची. ताट बाजूला सारून सरांसारखी खाकरायची, चष्मा नाकावर ओढायची आणि तोच विनोद करायची. ज्युनिअर मुली ठसका लागेपर्यंत हसायच्या. “असलं रवंथ करत जगण्यापेक्षा मी भजी तळेन,” ती म्हणायची.

ती विभागात पहिली आली. नोकरीसाठी मात्र कुठूनच बोलावणं येईना. शेवटी विभागप्रमुखांचा फोन आला. “खटावकर सोडून गेले. तासिका तत्त्वावर त्यांचे तास तू घे. नोट्स इथेच आहेत, नवीन काही करत बसू नकोस.”

पहिल्याच तासाला अर्धा वर्ग जांभया द्यायला लागला. तिने नोट्सचं पान उलटलं. पानाच्या कडेला सरांनी लाल शाईने लिहून ठेवलं होतं, ‘इथे विनोद’. तिला दुसरं काही सुचेना. ती खाकरली.

“अर्थशास्त्र शिकून...”

शेवटच्या बाकावर मेसमधल्या त्याच मुली बसल्या होत्या. त्यांचे ओठ आधीच हलू लागले होते.