बॉनेटखालचा कागद

"मिस्त्री, इसपे लिखा क्या है?" बाबूलाल सेठनं बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं.

डोमाजी मिस्त्रीला अक्षर येत नव्हतं, ना मराठी ना इंग्रजी. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस. त्याला वाचता येत नसेल असं मध्य प्रदेशातल्या त्या बालाघाटात कुणाच्या मनातच येत नसे. त्यानं कागदावरून तेलकट बोट फिरवलं, त्याची मुलगी पुस्तक वाचताना हलवते तसे ओठ हलवले आणि म्हणाला, "थंड मुलखासाठी हाये म्हणते हा पंप. गरम मुलखात काढून टाका म्हणते."

"लिखा है, तो निकालो. नहीं लिखा, तो हाथ मत लगाना."

"लिहिलं हाये नं, सेठजी."

बाबूलाल तेंदूपत्त्याचा ठेकेदार. गाडी अमेरिकेची, दोन दारांची, स्टेअरिंग डावीकडं. कुणी गोरा इंजिनिअर मायदेशी जाताना विकून गेला होता. तिच्यासारखी पळणारी गाडी जिल्ह्यात दुसरी नव्हती, तरी सेठचं मन भरत नव्हतं. गोंदियाच्या एका ड्रायव्हरनं त्याच्या कानात घातलं होतं, की पट्ट्यावर फिरणारा तो पंप इंजिनाची ताकद खातो.

डोमाजीनं पट्टा उतरवला, पंप सोडला. पंपाकडून इंजिनात जाणाऱ्या नळ्या निघेनात, तेव्हा त्या करवतीनं कापल्या आणि भोकं बोल्ट ठोकून बंद केली. गाडी सुरू केली तशी ती डरकाळली. धूर डोळ्यांना झोंबला. सेठ मात्र खूश होऊन टाळ्या वाजवू लागला.

तेवढ्यात त्याचा दोस्त शालिकराम, लाकडाचा ठेकेदार, स्कूटर थांबवून आत आला. खाली पडलेल्या नळ्या पाहून हसला.

"बाबूलाल, विलायती गाडी का कलेजा निकाल दिया? किसके कहने पे?"

"कागज पे लिखा है. मिस्त्री ने पढ़ा."

"इसने पढ़ा? अरे, इसको तो मैंने डाकघर में अंगूठा लगाते देखा है!"

सेठचं हसू मावळलं. तो डोमाजीकडं वळला. "मिस्त्री?"

डोमाजी हातातला पाना पुसत राहिला.

त्याच वेळी त्याची मुलगी ललिता जेवणाचा डबा घेऊन दारात आली. त्याच वर्षी ती मॅट्रिक झाली होती. त्यांच्या मोहल्ल्यात मॅट्रिक झालेली पहिली मुलगी तीच. सेठनं तिला हाक मारली.

"आ बिटिया, तू तो पढ़ी-लिखी है. मिस्त्री कहता है, गरम मुलुक में ये पंप निकाल देना, ऐसा लिखा है. देख, यही लिखा है क्या?"

ललितानं डबा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि बॉनेटखाली वाकून वाचू लागली. वाचायला तिला वेळ लागला. मध्येच तिनं वळून कापलेल्या नळ्यांकडं पाहिलं, मग बापाकडं. एक शब्द बोलायला डोमाजीला तेवढा वेळ पुरेसा होता. तो बोलला नाही.

"हाँ," ललिता म्हणाली. "यही लिखा है."

"पढ़के सुना ना," शालिकराम म्हणाला.

तिनं वाचून दाखवलं. इंग्रजी, खणखणीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक शब्दही न गाळता. त्या तिघांना काही कळलं नाही. मग तिनं हिंदीत अर्थ सांगितला, बापानं सांगितला होता तोच.

शालिकरामनं कानाची पाळी धरली. "मान गए, मिस्त्री. बेटी हो तो ऐसी." स्कूटर तिथंच ठेवून दोघेही हसत गाडीत बसले आणि गाडी काळा धूर सोडत गोंदिया रोडला लागली.

ललितानं डबा उघडला. डोमाजी बसला, पण भाताला हात लावेना.

"खरं काय लिहिलं होतं?"

"पंप धुरातला विखार जाळते. काढू नका म्हणून लिहिलं होतं. काढला तं गुन्हा हाये."

"मंग तू काहून..."

"जेवा, बाबा. भात थंडा होऊन राह्यला."

दिवस मावळायला बापलेक मोहल्ल्यात पोचले, तर बातमी त्यांच्या आधी पोचलेली. बुद्धविहाराच्या ओट्यावर आठ-दहा माणसं बसली होती. म्हातारा महागू उठून उभाच राहिला.

"जयभीम, मिस्त्री! तुह्या पोरीनं त्या ठेकेदाराइच्या तोंडावर फडाफडा इंग्रजी वाचली म्हणते!"

"वाचली," डोमाजी म्हणाला.

"आपल्याले त्यायच्या दारात उभं करत नव्हते, मालूम हाये नं? अन् आज आपल्या पोरीले इचारतात, काय लिहिलं हाये म्हणून!" महागूचे डोळे भरून आले. "बोल नं दोन शब्द. एक घास कमी खा पन पोरी शिकवा, असं दरसाल तूच तं सांगतो आमाले. आज बोल, आज शोभते तुले."

सगळे त्याच्या तोंडाकडं पाहू लागले. डोमाजीनं घसा खाकरला. पायांतल्या चपला काढल्या, ओट्यावर चढला आणि काही न बोलता तसाच खाली उतरला.

"भरून आलं त्याले," कुणीतरी म्हणालं.

गोदाबाई माणसांतून वाट काढत पुढं आली. सात वर्षांच्या नातीला तिनं ललितापुढं ढकललं. पोरगी लाजून आजीच्या लुगड्यात शिरू पाहत होती.

"हिलेबी शिकव, बाई. तू आज वाचलं नं, अस्संच."

ललितानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बापाकडं पाहिलं.

"शिकवू, बाबा?"