थांबवणारी गोळी

मोलगी-अक्कलकुवा घाटात वीरसिंगची जीप कुणासाठी थांबत नसे. प्रवाशाचं पोट बिघडलंय असं दिसलं की तो डॅशबोर्डच्या कप्प्यातून जुलाब थांबवणारी गोळी काढून द्यायचा, तीही फुकट. गोळी अफूच्या दूरच्या नात्यातली. आतडं पेंगतं आणि जीप वेळेवर पोचते. आज रेवाबाई जुलाबानं मलूल झालेल्या वर्षभराच्या नातीला दवाखान्यात नेत होती. वीरसिंगनं सवयीनं अर्धी गोळी पुढं केली. शेजारी बसलेल्या शीला सिस्टरनं त्याचा हात धरला. "भाऊ, हाई मोठासनी गोळी शे. एवढ्या पोरले दिधी तं आतडं झोपी जास, मंग श्वासबी झोपस. हिले पानी पाहिजे." तिनं पिशवीतली ओआरएसची पुडी बाटलीत कालवली, पण दर वळणाला चमचा सांडू लागला. वीरसिंगनं ब्रेक मारला. चार चमचे पोटात गेले तेव्हा निघाला, आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबला. "यापेक्षा बैलगाडी बरी होती," मागच्या बाकावरचा ईश्वर नावाचा प्रवासी म्हणाला. "मग उतर आणि बैल शोध," वीरसिंगनं सुनावलं. नवव्यांदा जीप थांबली तेव्हा पोरीनं सिस्टरच्या मांडीवर लघवी केली, सकाळपासूनची पहिली. पाणी अंगी लागलं होतं. "मुतनी! पोर मुतनी!" सिस्टर ओरडली. बारशाला आल्यासारखी सगळी जीप हसली. वीरसिंग हसला नाही. आजवर किती पोरांना अर्धी गोळी दिली, ते तो आठवत होता.