पनौतीचा चष्मा

हॉलमध्ये फायनलचं शेवटचं षटक सुरू होतं, आणि रघुवीर आतल्या खोलीत दार लावून एका पांढऱ्या दिव्याकडे टक लावून बसले होते.

इंदूरच्या तुकोगंजातल्या त्या फ्लॅटचा कायदाच होता तसा. रघुवीर टीव्हीसमोर आले की भारताची विकेट पडते, हा शोध त्यांच्या बायकोनं, यशोधरानं, गेल्या वर्ल्ड कपात लावला. मुलगी शलाका बँकेत ऑफिसर, पण तिनंही आईचीच री ओढली. शेजारचा ऋषभ तर मॅचच्या दिवशी आल्या आल्या विचारायचा, "काका अंदर हैं ना?" वीज मंडळात इंजिनिअर म्हणून हयात घालवलेल्या माणसाला घरच्यांनी पनौती ठरवावं! रघुवीरांना राग यायचा, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं. बाहेरून कचोरीचा वास यायचा, आरडाओरडा ऐकू यायचा, आणि सोफ्यावर त्यांच्या जागी ऋषभ ऐसपैस बसलेला असायचा. ती जागा त्यांना परत हवी होती.

अशात शलाकाच्या लॅपटॉपवर चहा सांडला. लॅपटॉप गेला, स्क्रीन तेवढी वाचली. रघुवीरांनी ती सोडवली, रिपेअरवाल्याकडून एक छोटं कार्ड आणून मोबाइलवरची मॅच तिच्यावर दिसेल अशी जोडली आणि मग तिच्यावर घट्ट चिकटलेली काळसर फिल्म मोठ्या चिकाटीनं सोलून काढली. ही फिल्म निघाली की स्क्रीनवर चित्र दिसत नाही, नुसता पांढरा उजेड दिसतो. मात्र त्याच फिल्मचे तुकडे चष्म्यात बसवून बघितलं, की चित्र हजर!

"टाकाऊतून वाचायचा दिवा केलाय," त्यांनी घरात जाहीर केलं. यशोधरानं कौतुकानं सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. कचऱ्याचं सोनं केलेलं दिसलं की इंदूरकरांना भरून येतं.

आज पहिल्या चेंडूपासून रघुवीर तो चष्मा लावून बसले होते. मांडीवर एक जाडजूड पुस्तक उघडं. यशोधरा मध्ये चहा ठेवून गेली. "वाचा, वाचा," ती खूश होऊन म्हणाली, "फक्त बाहेर फिरकू नका." रघुवीरांनी पान उलटलं. भारत हरला, तर चष्मा गुपचूप मोडून टाकायचा आणि आपण खरोखरच पनौती आहोत हे निमूट मान्य करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

शेवटच्या चेंडूवर चौकार बसला. भारत जिंकला!

रघुवीर दार ढकलून हॉलमध्ये घुसले. चष्मा नाकावर तसाच. "सगळी मॅच बघितली मी! एकेक बॉल! सांगा आता, कोण पनौती?"

कुणाचा विश्वास बसेना. मग वरात आतल्या खोलीत गेली. चष्मा एकेकाच्या नाकावर चढला आणि पांढऱ्या उजेडात प्रत्येकाला कप उंचावलेली टीम दिसली.

"भिया!" ऋषभनं कानाला हात लावले. "मतलब काका देख रहे थे, और हम जीत गए?"

"बाबा, सॉरी," शलाका म्हणाली.

रघुवीरांना अगदी गहिवरून आलं. ते ताठ मानेनं हॉलमध्ये परतले, ऋषभची उशी बाजूला सारली आणि आपल्या जागेवर आरामात टेकले. कचोरीची बशी पुढ्यात ओढली.

यशोधरा लगबगीनं आली. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत नवऱ्याबद्दल आदर दिसत होता. तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना उठवलं.

"अहो, इथं कुठं बसताय? आता जागा बिलकुल बदलायची नाही. पुढची प्रत्येक मॅच तुम्ही आतच बघायची, हाच चष्मा लावून. आणि दार तेवढं घट्ट लावून घ्या. आज लावलेलं होतं."