अकरा महिन्यांचा कागद

“सगळं मान्य, स्वानंद. पण कागद अकरा महिन्यांचाच,” असे म्हणून सुधीरकाकांनी दाराची जाळी ओढून घेतली.

स्वानंद जाळीबाहेर तसाच उभा राहिला. त्याच्या हातात परीक्षेचे पुस्तक होते. ‘हरित भाडेकरार’ या प्रकरणात त्याचे बोट अद्यापि अडकलेले होते.

“काका, ऐका तरी! गच्चीला पांढरा रंग तुम्ही लावा. स्लॅब तापणार नाही, माझा एसी कमी चालेल, लाईटबिल कमी येईल. जेवढं वाचेल त्यातलं अर्धं दर महिन्याला भाड्यासोबत तुमच्या हातात. तीन वर्षांत रंगाचा खर्च फिटतो. म्हणून तर कागद तीन वर्षांचा हवा.”

“तीन वर्षं!” काका जाळीआडून हसले. “आमच्या अण्णांनी एकाला असंच भरवशावर ठेवलं होतं. माणूस चांगला होता. आता तिथे त्याचा नातू राहतो. तोही चांगला आहे. फक्त जागा सोडत नाही.”

“मी तसा वाटतो का तुम्हाला?”

“छे रे! तोही तसा वाटत नव्हता.”

स्वानंद तणतणत जिना चढला. कोपर येथील ही इमारत सुधीरकाकांची स्वतःची होती. काका तळमजल्यावर राहत, आणि स्वानंदचे बिऱ्हाड गच्चीखाली होते. त्या घरात दुपारी अभ्यासास बसणे म्हणजे तापल्या तव्याखाली मान घालणे होय. वस्तुतः दिवा येथे त्याची स्वतःची सदनिका होती. तथापि तेथील पाणीटंचाईला कंटाळून, ती साईनाथ नामक एका सज्जन गृहस्थास भाड्याने देऊन, तो सहकुटुंब येथे आला होता.

ठाण्यातील कार्यालयांच्या इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपनीत तो नोकरीस होता. हरित इमारतींची परीक्षा येत्या रविवारी होती. गतवर्षी तो याच प्रकरणात आपटला होता. यंदाही आपटला, तर घोडबंदर रस्त्यावरील नव्या इमारतीचा कारभार कार्यालयातील सहकारी महेंद्रकडे जाणार, हे निश्चित होते. महेंद्रने तर नव्या केबिनसाठी तुळशीची कुंडीदेखील आणून ठेवली होती.

“काय म्हणाले?” प्राचीने, त्याच्या पत्नीने, विचारले.

“काय म्हणणार? अण्णा आणि अण्णांचा भाडेकरू!”

“बरं, बसा आता. मी प्रश्न विचारते.” तिने पुस्तक घेतले. “मालक आणि भाडेकरू दोघांचाही फायदा असूनसुद्धा हरित भाडेकरार बहुधा का होत नाहीत? खर्च, तंत्रज्ञान, कायदा, की परस्पर अविश्वास?”

“अडाणीपणा.”

“तो पर्यायच नाहीये.”

“नसेल! पुस्तक लिहिणाऱ्याने सुधीरकाका पाहिलेले नसणार. अगं, गणित समोर मांडून दाखवलं मी. दोघांचा लाभ आहे. यात अविश्वास कुठून आला? समोरचा माणूस अडाणी आहे, विषय संपला!”

“चौथा पर्याय, अहो. मागच्या वेळीही हाच चुकला होता तुमचा.”

“मग पुस्तक चुकलंय!”

प्राचीने पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. पानावर घामाचा थेंब पडला. तो बरोबर चौथ्या पर्यायावर पडल्यामुळे स्वानंदचा संताप अधिकच वाढला.

इतक्यात साईनाथचा दूरध्वनी आला.

“साहेब, दिव्यातून बोलतोय. पाण्याचे लय हाल चाललेत. मी एक इचार केलाय. लॉफ्टवर मोठी टाकी बसवू, नळ पण कमी पाण्याचे लावू. अर्धा खर्च माझा, अर्धा तुमचा. टँकरचे पैसे वाचतील त्यातनं तुमचा अर्धा मी भाड्याबरोबर फेडीन. टाकी कायमची तुमचीच.”

स्वानंद उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर ते संपूर्ण प्रकरण सजीव झाले. मालकाची गुंतवणूक, भाडेकरूची बचत, उभयतांचा लाभ! सुधीरकाकांना जे समजत नव्हते, ते या साध्या माणसास पुस्तकावाचून सुचले होते. त्याला साईनाथचा अभिमान वाटला.

“वा, साईनाथ! याला म्हणतात विचार!”

“फक्त एक हाय, साहेब. कागद तीन वर्षांचा करा. रुचिताची शाळा इथंच हाय. सारखं घर बदलाया लागलं तर पोरीचं हाल हुतात.”

तीन वर्षे. स्वानंदला साईनाथचा चेहरा आठवला. माणूस चांगला होता. भाडे वेळेवर देत होता. मुलगी शाळेत रुळली होती, शेजारीपाजारी ओळखीचे झाले होते, आणि आता टाकीही त्याच्याच खर्चाने बसणार होती. एवढे पाय रोवल्यावर कोण जागा सोडतो? त्याने एकवार घसा खाकरला.

“सगळं मान्य, साईनाथ. पण कागद अकरा महिन्यांचाच.”

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज झाला आणि प्राचीने तेथूनच विचारले,

“सुधीरकाका वर आले का हो? बसायला सांगा, चहा टाकते त्यांचा.”