चाचणीचा दिवा

रंगाच्या गोदामात आग ओळखणारे डोळे बसवले होते. साध्या उष्णतेला ते फसायचे नाहीत. ज्वाळेची थरथर दिसली, तरच लाल व्हायचे. दर महिन्याला भोंगा बंद ठेवून मेकॅनिक त्यांच्यापुढे तशीच, पण माणसाला न दिसणारी थरथर करणारा चाचणीचा दिवा धरायचा, आणि वर कंट्रोल रूममध्ये बसलेला त्याचा मेहुणा वॉकीटॉकीवर ओरडायचा, "दिसली आग, दाजी! पुढे चला."

त्या दुपारी सगळे डोळे एका दमात पास झाले. मेकॅनिक खुशीत दिवा पुसायला बसला, तर तो हाताला हलका लागला. उघडून बघतो तो आत बॅटरीच नाही. ती सकाळपासून टेबलावर चार्जिंगला लावलेली होती.

मग डोळ्यांना दिसलं काय?

दिवा खाली ठेवून तो रिकाम्या हातांनी शेवटच्या डोळ्यापुढे उभा राहिला.

"दिसली, दाजी!"

तो बाजूला झाला.

"गेली."

पुन्हा समोर आला.

"दिसली. आता पुरे की, भूक लागलीय मला."

त्याने एका हमालाला समोर उभं केलं. वॉकीटॉकी गप्प.

मेकॅनिकने तळवा गालाला लावून पाहिला. गार होता.

"दिव्यात बॅटरी नव्हती रे," तो हळूच म्हणाला. "थांब, मी वर येतो."

वाटेतले डोळे एकामागून एक लाल होत गेले. मेकॅनिक जिना चढून दारापाशी पोचला, तेव्हा आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"दाजी," मेहुण्याने दबक्या आवाजात विचारलं, "ताईला काय सांगू?"