इंजेक्शनचा गुण

मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशनमध्येच नाशिकच्या डॉक्टरांनी विणकर रंगनाथला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. सूज उतरली आणि चौथ्या दिवशी तो वॉर्डात वॉकर धरून फिरू लागला. बायको इंदू सोबत चालायची. "दिवाळीपर्यंत मागावर बसतो बघ!" "बसाल की," ती म्हणायची. दहाव्या दिवशी येवल्याला घरी येताच तो थेट मागाकडे गेला. माग नव्हता. पैठणी विणताना पाय सोडायचा खड्डा बुजवून फरशी घातली होती. "कुणी केलं हे?" "मीच, फोनवरून माणसं लावून करवून घेतलं," इंदू म्हणाली. "डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, दुखणं इंजेक्शनने थांबेल, पण खड्ड्यात पुन्हा बसता येणार नाही." "आणि तू रोज 'बसाल' म्हणत राहिलीस?" "खरं सांगितलं असतं, तर तुम्ही खाटेवरून उठलाच नसता." तिने खुर्ची सरकवली. रंगनाथ वॉकर धरून उभाच राहिला. पाय थरथरू लागले, तरी बसला नाही.