आंधळ्याचे मासे

काळा चष्मा आत्मारामांच्या नाकावर बसवून निनाद दोन पावलं मागे सरकला. "बस काका, अब इधर-उधर मत देखिए."

आत्माराम साळवी हवाई दलातून निवृत्त झालेले. विमानाच्या पंखावरची केसाएवढी चीर त्यांना हँगरच्या दारातून दिसायची. बख्शी का तालाबच्या हवाई तळावरचे जुने लोक तर सांगतात, की त्यांनी नुसतं रोखून पाहिलं तरी सैल स्क्रू लाजून स्वतःच आवळला जायचा. त्या डोळ्यांवर आज चष्मा चढला होता, तोही न दिसण्यासाठी.

निवृत्तीनंतर ते लाकडाचे मासे करत. बोटाएवढे, रंगवलेले, पोटाशी गळ लावलेले. पाण्यातून ओढले की मोठ्या माशानं फसून तोंड घालावं असे. मासे उत्तम, फक्त खपत नव्हते. त्यांच्या पत्नी सरलाबाईंच्या कपाटात मासे, पलंगाखाली मासे, रजईच्या घडीत मासे. तांदूळ निवडायला घेतले तर खड्यांच्या आधी मासे निघत.

विकायचं काम निनादकडे. रेल्वेतल्या एका मराठी इंजिनिअरचा हा मुलगा लखनौतच वाढलेला, मराठी समजणारा आणि हिंदीत उत्तरं देणारा. चार जणांचा माल घेऊन कमिशनवर दुकानोदुकानी फिरायचा. एका पिशवीत लोणची, दुसरीत आत्मारामांचे मासे. दुकानदार म्हणत, प्लास्टिकचा चायना माल याहून स्वस्त पडतो. एकदा तेलीबागेत, भर उन्हात, त्याच्या तोंडून निघून गेलं की हे एक आंधळा म्हातारा फौजी बनवतो. दुकानदारानं तिथल्या तिथे डझनभर ठेवून घेतले. पुढच्या दुकानापासून निनाद ते मुद्दाम सांगू लागला.

आत्मारामांना हे कळलं आज सकाळी. गोमती नगरातल्या एका मासेमारी क्लबचे सेक्रेटरी माथुरसाहेब दोनशे माशांची ऑर्डर घेऊन घरीच निघाले होते. त्यांना त्या आंधळ्याचे पाय शिवायचे होते.

आत्माराम भडकले. असलं सोंग मी करणार नाही म्हणाले. सरलाबाईंनी शांतपणे सांगितलं, की दोनशे गेले तर पलंगाखाली झाडू एकदा तरी भिंतीपर्यंत पोचेल. मग ते खुर्चीत बसले.

माथुरसाहेब आले, वाकले, पाय शिवले. एकेक मासा उजेडात धरून बघत राहिले. खवल्यांचे इतके बारीक रंग हे कसे देतात, असं त्यांनी विचारलं. निनादनं सांगून टाकलं, की काकू शेजारी बसून कुठे कोणता रंग ते सांगत जातात. सरलाबाईंनाही हे नवीनच होतं. ब्रशला हात लावायची त्यांना घरात बंदी होती.

"भाभीजी, इनकी आँखें तो आप हैं," माथुरसाहेब म्हणाले.

सरलाबाईंनी पदर सारखा केला. असं त्यांना आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं. आत जाऊन त्यांनी चहात वेलची टाकली.

मग मंडळी अंगणातल्या सिमेंटच्या टाकीशी गेली. निनादनं आत्मारामांना दंडाला धरून नेलं आणि थोडं अलीकडेच खुर्चीत बसवलं. या घरातून कुठलाही मासा ती टाकी सरळ पोहून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. पण गडबडीत निनादनं न तपासलेले काही खोक्यात भरले होते, आणि साहेबांनी नेमका त्यातलाच एक हिरवा उचलला. दोरीला बांधून ओढला. मासा डावीकडे कलला, दारुड्यासारखा.

"वाह, बिलकुल ज़िंदा," साहेब म्हणाले. पुन्हा ओढला, पुन्हा कलला. अगदी असेच दोनशे हवेत, असं त्यांनी निनादला सांगितलं.

आत्मारामांनी गुडघ्यावर मूठ दाबून धरली. अशा माशाकडे नदीतला एकही मासा ढुंकून बघणार नव्हता, आणि नाव साळव्यांचं जाणार होतं. साहेबांनी तिसऱ्यांदा ओढला.

आत्माराम उठले. वाटेतली बादली चुकवून सरळ टाकीशी गेले, साहेबांच्या हातून मासा घेतला, खिशातली पक्कड काढून त्याच्या नाकातली तारेची कडी उजवीकडे किंचित वाकवली आणि स्वतः ओढला. मासा शेपूट हलवत असा सरळ निघाला, की पेरूच्या झाडावरचा खंड्या सूर मारून खाली आला आणि लाकडावर चोच आपटून ओशाळा होऊन परत गेला.

माथुरसाहेबांनी खंड्याकडे पाहिलंच नाही. ते बादलीकडे बघत होते.

"आपको दिखता है?"

आत्मारामांनी चष्मा काढला. "आपकी क़मीज़ का दूसरा बटन टूटा हुआ है." खोक्यातले आणखी सात असेच कलतील, संध्याकाळपर्यंत सगळे सरळ करून देतो, असंही त्यांनी सांगितलं.

साहेबांनी मासा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि टाकीच्या काठावर ठेवला.

"तो फिर इसमें ख़ास क्या है?"

लखनौचे गृहस्थ ते. उगाच तकलीफ दिली म्हणून त्यांनी माफी मागितली, नमस्कार केला आणि गेले. निनाद मागोमाग धावला. गाडीच्या काचेशी वाकून तो परवाच ऑपरेशन झाल्याचं सांगत होता.

सरलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"चाळीस वर्षं माझ्याकडे न बघता काढलीत," त्या म्हणाल्या. "आज एका लाकडाच्या माशाकडे अर्धा तास न बघणं नाही जमलं."